उपरण्याखालचा भाव

"अहो जवाईबापू, टकटक काय करताय? ती काय कलिंगड शे का, पिकलं का नई ते बघायला?"

गोरक्ष खैरनारचं बोट दारापासून चार अंगुळांवर थबकलं. दाराच्या खालच्या अंगाला पत्र्याचा खणखणीत आवाज यायच्या ऐवजी भद्द असा आवाज आला होता. आत पुट्टी भरलेली. पुढच्या मडगार्डलाही तोच आवाज, मागच्या दोन्ही दारांनाही तोच. दुसऱ्या कुणाची गाडी असती तर त्याने एव्हाना मनातल्या मनात चार-पाच हजार उडवले असते आणि चहा मागवला असता. पण गाडीला टेकून उभे होते रावजी नाना बच्छाव, मुक्काम नामपूर, तालुका बागलाण. आणि रावजी नाना त्याचे सासरे होते.

"बघावं लागतं नाना. सगळ्यांच्याच गाड्यांना बघतो."

"बघा ना, नको कोन म्हनतं? पन हळू. सोनं शे ते."

दसऱ्याच्या आधीचा आठवडा होता. मुंबई नाक्याजवळच्या त्या शोरूमवर फुगे लावले होते आणि 'जुनी द्या, नवी न्या' असा कापडी फलक. फलकाखालच्या टेबलावर बसून लोकांच्या जुन्या गाडीची किंमत सांगायची, हे गोरक्षचं काम. अकरा वर्षं तो हेच करत आला होता. माणूस येताना एक लाखाची गाडी घेऊन येतो आणि त्याच्या टेबलावरून उठताना चाळीस हजारांची घेऊन जातो; मधले साठ हजार जणू गोरक्षने खिशात घातले अशा नजरेने त्याच्याकडे बघतो. शोरूममधले लोक त्याला 'वजाबाकी' म्हणत. नवी गाडी विकणाऱ्या पोरांना गिऱ्हाईक पेढे देई. गोरक्षला अकरा वर्षांत कुणी पेढा दिलेला नव्हता. एका बाईंनी फक्त, गाडी हवाली करताना, रडता रडता त्याच्या हातावर लिमलेटची गोळी ठेवली होती. तीही बहुधा गाडीतच सापडलेली.

आणि आता हे. गाडी होती सत्त्याऐंशी सालची डिझेल अँबेसिडर, मूळ रंग पांढरा. नाना ती सरळ सटाणा-देवळ्यावरून आणायच्या ऐवजी कळवणवरून नांदुरीला घेऊन गेले होते, गडाच्या पायथ्याशी उभी करून देवीला दाखवली होती, आणि मग वणी-दिंडोरी करत नाशकात आले होते. बॉनेटवर कुंकवाचे पाच पट्टे होते. ते पुसल्याशिवाय खालचा रंग दिसत नव्हता, आणि पुसायची सोय नव्हती.

"देवीला कशाला दाखवली?" गोरक्षने विचारलं.

"मंग? घरातलं मानूस घराबाहेर जाताना पाया पडत नई का?"

नानांचा मुलगा ललित जरा लांब, नव्या लाल गाडीशेजारी उभा होता. तिच्या काचेत तो एकदा गाडी बघे, एकदा स्वतःला. मोबाईल कानाला होताच. "हां, बुक झाली समज. दाजीच आहेत ना इथं. साठ तर कुठंच नाही गेले," असं तो कुणाला तरी सांगत होता.

गोरक्षने ते ऐकलं आणि त्याच्या कपाळाची शीर उडाली. हा साठचा आकडा सकाळी घरात जन्मला होता. सिडकोतल्या दोन खोल्यांत, गॅसपाशी.

"अहो, नानांना साठच्या खाली सांगू नका," मोहिनी म्हणाली होती.

"गाडी बघितल्याशिवाय?"

"गाडी काय बघायची? तुमची वरात आली होती त्या गाडीतून."

"म्हणून तर म्हणतो. सटाण्याच्या अलीकडे बंद पडली होती. नवरदेवाने ढकलली."

"त्याचंच धरून बसा तुम्ही. वहिनी आधीच म्हणते, तुमचा नवरा शोरूमला आहे म्हणता, पण गाडीला फडकं मारतो का काय ते माहीत नाही. चाळीस-बिळीस आकडा काढलात ना, मला नामपूरला पाय ठेवायची चोरी होईल. नाना तोंडानं काही बोलणार नाहीत. पण जावयानं गंडवलं, हे त्यांच्या मनातून जन्मात जायचं नाही."

लग्नाच्या बोलणीत नानांनीच विचारलं होतं, "पोरगा करतो काय? दुसऱ्याच्या गाड्यांची किंमत करतो? बरं शे. म्हनजे स्वतःची नई." ते एक वाक्य गोरक्षच्या नावावर अकरा वर्षं व्याजासकट पडून होतं.

त्याने गुडघे टेकून गाडीच्या खाली डोकं घातलं. मागच्या स्प्रिंगचे पाटे सपाट झाले होते, कमान अशी उरलीच नव्हती. तळाच्या पत्र्याला गंज होता, आणि गंजाच्या भोकांतून वर बघितलं की मॅटची निळी वीण दिसत होती. डिकीत वाळलेल्या कांद्याच्या पापुद्र्यांचा थर होता. त्याने ऑइलचं झाकण उघडून ललितला सेल्फ मारायला सांगितलं. इंजिनने आधी खोकून घेतलं, मग झाकणाच्या तोंडातून धुराचा भपका आला, तो थेट गोरक्षच्या शर्टावर.

"बघा, कसा दम शे अजून!" नाना खूश झाले.

"हा दम नाही नाना, हे पिस्टनच्या रिंगा गेल्याचं लक्षण आहे."

"आपले दात गेले म्हनून कुनी आपल्याला घरातून काढतं का?"

नानांचे वरचे चार दात खरोखरच गेलेले होते, त्यामुळे गोरक्षने नुसतं ऑइलचं झाकण परत बसवलं. तेवढ्यात नानांनी हिशेब मांडायला घेतला. त्यांची हिशेबाची पद्धत गोरक्षच्या बरोब्बर उलटी होती. हा वजा करत जाई, ते मिळवत जात.

"हे बघा. मागच्या सीटवर तीन आमदार बसेल शेत. माजी शेत, पन बसले तेव्हा चालू होते. त्याचं काही धराल का नई? लंकाबाईचं बाळंतपन ह्याच गाडीत झालं, सटान्याला पोचायच्या आधी. ते पोरगं आता दहावीला शे. त्याचं धरा. सीटकव्हर गेल्या दिवाळीचं. होर्न दोन शेत, एक वाजतो, एक वेळेला वाजतो. आन गाडीनं सोळा वर्षांत एकदा बी दगा दिला नई."

"माझ्या वरातीत—"

"ते डिझेलमधी पानी होतं. गाडीचा काय दोष?"

गोरक्ष आत गेला आणि त्याने द्वारका चौकातल्या दलालाला फोन लावला. रीत अशी होती की जुनी गाडी शेवटी या दलालालाच जायची. तो सांगेल त्या भावावर कंपनी दोन हजार सोडायला तयार असे. त्याच्या वर गेलं की जाणाऱ्याच्या पगारातून कापून घेत. यादव साहेबांनी, म्हणजे मॅनेजरांनी, हे सर्वांना चहा पिता पिता, हसत हसत सांगून ठेवलेलं होतं.

"अँबेसिडर? डिझेल? कुठली?" दलालाने विचारलं.

"नामपूर."

"म्हणजे कांदा वाहिलेली. चौतीस. आणि खैरनार, तुमचा आवाज का पडलाय? कुणाची आहे?"

"गिऱ्हाईकाची," गोरक्ष म्हणाला आणि फोन ठेवला.

चौतीस अधिक दोन. छत्तीस. साठाला चोवीस कमी. बाहेर नाना फडक्याने आरसा पुसत होते, एकदा पुसून झाल्यावर पुन्हा. बाहेर जाऊन 'छत्तीस' हा शब्द तोंडाने उच्चारायचा होता. ललितसमोर, लाल गाडी विकणाऱ्या पोरांसमोर, फुग्यांखाली. काय म्हणावं या माणसाला? नाशकात इतकी शोरूम, धुळ्याला आहेत, मालेगावला एजंट बसलेत. पण नाही. जावई आहे ना, मग तिथंच जायचं.

तो बाहेर आला. "नाना, आपण जरा बसून बोलू."

नानांनी हात वर केला. "थांबा. तोंडानं काही बोलू नका. जवायाच्या तोंडून आकडा ऐकायचा नई मले. आन मी बी माझ्या तोंडानं जवायाकडं मागनार नई. सोयऱ्यात तोंडी सौदा झाला का सोयरीक नासते. हात आना."

आणि त्यांनी खांद्यावरचं उपरणं काढलं.

नाना आता कांद्याची आडत बघत असले तरी आधीची चाळीस वर्षं बैलबाजारात दलाल होते. तिथली रीत गोरक्षने लहानपणी बघितली होती. घेणारा आणि देणारा दोघं समोरासमोर उभे राहतात, हातांवर कापड टाकतात, आणि कापडाखाली बोटं धरून भाव होतो. आधी दहाचा आकडा, मग एकाचा. एक बोट म्हणजे एक, पंजा म्हणजे पाच, पंजा सोडून पुन्हा एक बोट धरलं की सहा. भोवती पन्नास माणसं उभी असली तरी किती मागितलं आणि किती मिळालं ते त्या दोघांनाच कळतं. पडून भाव घ्यावा लागला तरी माणूस बाजारातून ताठ मानेने जातो.

पण ती गोष्ट बाजारातली. हे काचेचं शोरूम होतं, गुळगुळीत फरशीचं, आणि काचेपलीकडच्या केबिनमध्ये यादव साहेब बसलेले.

"नाना, इथं फॉर्म असतो. छापील."

"फारम मंग भरा. आधी हात."

ललित जवळ आला. "नाना, काय लावलंय हे? लोक बघताय. दाजी, सांगून टाका ना आकडा!"

"तू गप्प बस. तुले गाडी पाहिजे ना? जा, तिच्यात बसून होर्न वाजव."

उपरणं हातांवर पडलं. नानांचा हात गोरक्षच्या हातात आला. राठ, कोरडा, बोटांची पेरं गाठाळलेली. अकरा वर्षांत त्याने सासऱ्याच्या पायांना कितीतरी वेळा हात लावला होता, पण त्यांचा हात हातात धरल्याचं त्याला आठवत नव्हतं.

नानांनी त्याचा सबंध पंजा दाबला, सोडला, मग एक बोट धरलं. साठ. म्हणजे मोहिनीचा फोन नामपूरला सकाळीच झालेला होता.

गोरक्षने तीन बोटं धरली.

नानांचा चेहरा हलला नाही. त्यांनी गोरक्षचा हात झटकला, जणू माशी बसली होती, आणि पुन्हा पंजा आणि एक बोट.

गोरक्षने चार बोटं धरली. आता तो कंपनीची हद्द ओलांडून बाहेर उभा होता. नानांनी मान तिरपी करून त्याच्याकडे बघितलं. केबिनचं दार उघडलं.

"खैरनार! काय चाललंय? हात बघताय का कुणाचा? मलाही दाखवायचाय, प्रमोशन आहे का नाही ते!"

शोरूममधली पोरं हसली. गोरक्षच्या कानशिलातून वाफ निघायची तेवढी बाकी होती. सहा हजार पाचशे रुपये महिना पगारात बायको, बायकोचा बाप, बायकोचा भाऊ आणि हा यादव, सगळेच बसवायचे. त्याला वाटलं, होऊन जाऊ दे एकदा. दोन पगार जातील. मोहिनीची भिशी दिवाळीला लागणारच आहे, तिला सांगून टाकू, तुझ्याच बापाला दिली. नाना खुशीत जातील, वहिनीचं तोंड बंद होईल, आणि 'स्वतःची नई' हे वाक्य एकदाचं फिटेल.

त्याने पंजा धरला. पन्नास. चार बोटं पटकन आली, पाचवं त्याने थांबत थांबत धरलं.

नानांनी हात सोडला नाही आणि पुढचं बोटही मागितलं नाही. उपरण्याखाली दोन्ही हात तसेच राहिले. नाना उपरण्याकडे बघत होते, जणू त्याखाली काहीतरी वळवळत होतं.

"जवाईबापू," ते खालच्या आवाजात म्हणाले, "हा हात कंपनीचा नई."

"म्हणजे?"

"दुसऱ्याचा पैसा देनाऱ्याचा हात असा नसतो. तो पटकन येतो, पटकन जातो. त्याले काय, जळालं तर मालकाचं. हे पाचवं बोट तुम्ही दात काढायला बसल्यासारखं दिलं. हे घरचं शे."

गोरक्ष हात काढून घ्यायला लागला, पण नानांनी तो घट्ट धरला.

"मोहिनीनं सांगितलं?"

"नाही हो नाना."

"ती सांगेल. तिची आई बी तशीच होती." नानांनी मोकळ्या हाताने उपरणं नीट केलं. "पोरीच्या घरी मी च्या पितो, तर नातवाच्या हातावर नोट ठेवल्याबिगर कप खाली ठेवत नई. आपल्यात पोरीच्या घरचं खात नई कुनी, तुम्हाले काय सांगायचं. आन मी इथं चौकात उभा राहून पोरीच्या घरचं घेऊन जाऊ? गाडीच्या नावानं? उद्या देवीले काय सांगू?"

"तुम्हीच साठ मागितले नाना." गोरक्षचा आवाज चढला. इतका वेळ दाबून धरलेलं सगळं बाहेर आलं. "मी काय करायचं होतं? खरं सांगितलं तर मी चोर, जास्ती दिलं तरी मी चोर! मला सांगा ना, जावयानं करायचं तरी काय?"

ललितने मान वळवून बघितलं. नाना मात्र पहिल्यांदाच जरा हसले, दात नसलेल्या जागेतून.

"मागनारा मागतोच. बैलाच्या तोंडात चार दात असले तरी मी दोनच शेत, बैल कवळा शे म्हनून विकले शेत. मागनाऱ्यानं मागायचं, देनाऱ्यानं नाय म्हनायचं. तुम्हाले नाय म्हनता येत नई, हा दोष शे तुमच्यात." त्यांनी त्याचा पंजा सोडून दिला आणि रिकामा हात उपरण्याखाली उघडा धरला. "आना. कंपनीचा हात आना."

गोरक्षने तीन बोटं धरली. मग सोडली. मग पंजा, आणि एक बोट.

नानांनी ते एक बोट बराच वेळ धरून ठेवलं. पाठीमागे कुणीतरी फुगा फोडला तरी त्यांनी वर बघितलं नाही.

"ह्याच्यात तुमचं काही?"

"नाही."

"पोराची शपथ?"

"शपथ."

"मंग ठरलं." त्यांनी उपरणं झटकलं, पुन्हा खांद्यावर टाकलं, आणि मोठ्याने म्हणाले, "चला, झाला सौदा! भरा तुमचा फारम!"

ललित धावत आला. "कितीले?"

"भावले."

"अहो पण किती?"

"बाजारात जो भाव चालू शे, त्या भावले. तुले गाडी मिळाली ना? वर पैसे मी घालतो. जा, रंग पक्का कर. लाल नको घेऊ. लालले गाय बिथरते."

फॉर्मवर सही करताना त्यांनी आकड्याच्या रकान्यावर तळहात ठेवला होता, ललित वाकून बघत होता म्हणून. नंतर ते गाडीकडे गेले आणि सामान काढू लागले. सामान म्हणजे एक तांब्या, एक घोंगडी, पान्यांची पिशवी, आणि देवीचा डॅशबोर्डवर चिकटवलेला फोटो. फोटो निघेना. नखाने खरवडून बघितलं, मग सोडून दिला.

"स्टेपनी भावात धरली शे का?"

"धरली आहे नाना."

"मंग ऱ्हाऊ द्या." आणि दोन पावलं गेल्यावर, "जॅक?"

"तोही धरलाय."

"जॅक नवा शे."

"नाना!"

"बरं बरं." ते पुन्हा वळले. "घेनाऱ्याले सांगा, थंडीत सकाळी लगेच सेल्फ मारू नको. आधी जरा गरम होऊ दे. आन पहिल्यातून दुसऱ्यात टाकताना घाई करायची नई, ती रुसते. सांगाल ना?"

घेणारा दलाल तिचं इंजिन काढून विकणार होता आणि पत्रा भंगारात घालणार होता, महिनाभराच्या आत. गोरक्ष म्हणाला, "सांगतो."

"मोहिनीले म्हना, जेवायला जमत नई आज. चारची सटाना गाडी धरतो. दिवाळीले तुम्हीच या." रिक्षात बसताना त्यांनी गोरक्षकडे बघितलं आणि जणू आताच आठवल्यासारखं म्हणाले, "वरातीत गाडी ढकलली तुम्ही. ते लक्षात शे माझ्या. डिझेलमधी पानी नव्हतं."

रिक्षा गेली. शोरूमचा फोन वाजत होता. मोहिनीच होती.

"अहो, किती झाले?"

"ठरलं."

"ठरलं म्हणजे? साठ का पंचावन्न?"

"ते उपरण्याखाली झालं. बोलून दाखवायचं नसतं."

"हे काय नवीन? मांडे करून ठेवलेत मी! येताय ना त्यांना घेऊन? नाना रागावले का? खरं सांगा मला."

"नाही. जेवायला येत नाहीत म्हणाले. चारची गाडी आहे."

पलीकडे पातेल्यावर झाकण आपटल्याचा आवाज आला. मग ती म्हणाली, "म्हणजे रागावलेत," आणि फोन ठेवला. तिला समजावून सांगायचं तर सगळंच सांगावं लागलं असतं, पाचवं बोटसुद्धा.

"खैरनार!" यादव साहेबांनी हाक मारली. "तो हत्ती दारातून हलवा. नव्या गाड्या दिसत नाहीत."

गोरक्षने किल्ली घेतली आणि अँबेसिडरचं दार उघडलं. ते उघडताना जरा खाली बसलं. तो आत शिरला आणि त्याचे गुडघे जाऊन स्टिअरिंगला भिडले. सीट अगदी पुढे ओढलेली होती, कारण नाना बुटके होते, आणि सोळा वर्षांत ती कुणी मागे सरकवलेली नव्हती. खांदे आखडून, मान खाली घालून बसावं लागत होतं. त्याचा हात सवयीने सीटच्या खालच्या दांडीकडे गेला.

"अहो, सीट मागे घ्या की! अंग मोडेल तुमचं!" काचेपलीकडून शोरूममधलं एक पोरगं ओरडलं.

त्याने दांडीवरचा हात काढून घेतला. गुडघे स्टिअरिंगला घासत, तसाच वाकून, तो गाडी हळूहळू मागच्या यार्डाकडे घेऊन गेला.